निळं वर्तुळ कोणी मागितलं होतं?

नाशिकरोडची माझी मावशी गेली अकरा वर्षं वीस बायकांची भिशी चालवते. हिशोब वहीत, निरोप व्हॉट्सॲपवर. मागे एकदा तिचा फोन आला.

"अरे, ते खाली कोपऱ्यात निळं-जांभळं वर्तुळ आलंय. मी कशालाही हात लावला नव्हता. कोणी घातलं?"

"कंपनीनं."

"मी सांगितलं होतं का त्यांना?"

नव्हतं सांगितलं. कोणीच सांगितलं नव्हतं. ते वर्तुळ म्हणजे 'मेटा एआय', व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीचा उत्तरं देणारा मदतनीस. भारतात तो जून २०२४ मध्ये आला, युरोपात २०२५ च्या मार्चपासून. तिकडे लोकांनी ओरड केली तेव्हा कंपनीचं म्हणणं होतं की वापरायची सक्ती कुठे आहे, नको असेल तर वापरू नका. पण वर्तुळ पडद्यावरून काढून टाकायची सोय दिलेली नव्हती. इटलीच्या स्पर्धा नियामकाने जुलै २०२५ मध्ये चौकशी सुरू केली ती नेमक्या याच मुद्द्यावर. लोकांची संमती न घेता तुम्ही आपला एआय व्हॉट्सॲपमध्ये बसवलात, हा बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर होतो का? मावशीचाच प्रश्न, फक्त वकिली भाषेत.

एआयबद्दल कुरकुरणाऱ्या लोकांना तंत्रज्ञान झेपत नाही, असं एक मत हल्ली सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. गूगलने २०१७ साली मराठीत बोलून टाइप करायची सोय आणली, ती याच मावशीने आठवडाभरात उचलली. "उद्या चार वाजता माझ्याकडे, हप्ता घेऊन या" हा निरोप ती तेव्हापासून फोन तोंडाजवळ धरून बोलते. मधूनच 'भिशी'चं 'मिशी' होतं, ग्रुपवर हसाहशी होते, काम भागतं. ती सोयसुद्धा यंत्राला लाखो आवाज ऐकवून घडवलेली आहे. आजच्या भाषेत ती एआयच. पण तिच्यावर तसा शिक्का नव्हता, माइकचं बटण दाबल्याशिवाय ती तोंड उघडत नव्हती, आणि मावशीला तिची गरज होती, कारण जोडाक्षरं शोधता शोधता चष्मा खाली-वर करून ती वैतागली होती.

शिक्क्याचा मुद्दा किरकोळ नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तू तीच, वर्णनही जवळपास तेच, पण एकात 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे शब्द घातलेले. जिथे ते शब्द होते तिथे लोकांची विकत घ्यायची इच्छा कमी झाली. महागड्या किंवा जोखमीच्या वस्तूंच्या बाबतीत तर जास्तच. प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीत, एआयचा उत्साह वाटण्यापेक्षा काळजी जास्त वाटते असं सांगणारे अमेरिकी लोक २०२१ मध्ये ३७ टक्के होते, २०२३ मध्ये ते ५२ टक्के झाले. चॅटजीपीटी आला तो या दोन पाहण्यांच्या मधे, नोव्हेंबर २०२२ मध्ये. म्हणजे लोक एआय वापरू लागले आणि त्याच काळात काळजी वाढली.

मग गिऱ्हाईक नाक मुरडत असताना कंपन्या ही सोय प्रत्येक ॲपमध्ये का कोंबतायत?

कारण पैसा आधीच लावून झालाय. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने सांगितलं की जूनअखेर संपणाऱ्या आर्थिक वर्षात एआयसाठी लागणाऱ्या डेटा सेंटरवर आपण सुमारे ८० अब्ज डॉलर खर्च करणार आहोत. रुपयात ही रक्कम सात लाख कोटींच्या घरात जाते. महाराष्ट्र सरकारचा २०२५-२६ चा अख्खा अर्थसंकल्प साधारण तेवढाच आहे. गूगलच्या मूळ कंपनीने त्याच सुमारास वर्षभरासाठी ७५ अब्ज डॉलरचा अंदाज दिला आणि पुढे तो वाढवत नेला. एवढा पैसा ओतल्यावर दर तिमाहीला गुंतवणूकदार विचारणारच, की बाबांनो, हे वापरतंय कोण? तेव्हा दाखवायला आकडा लागतो. मे २०२५ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी मेटा एआयचे महिन्याला १ अब्ज वापरकर्ते झाल्याचं जाहीर केलं. त्यात शोधायला गेले एक आणि बोट पडलं वर्तुळावर, असे किती, ते त्या आकड्यावरून कळत नाही.

दुसरं कारण जरा आतलं आहे. साधं सॉफ्टवेअर एकदा लिहिलं की लाखाव्या गिऱ्हाइकाला देताना कंपनीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. एआयचं तसं नाही. तुम्ही विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला कुठेतरी महागड्या चिप चालतात, वीज जळते, यंत्रं गार ठेवावी लागतात. म्हणजे जितका वापर वाढेल तितका खर्चही वाढतो. तो कोणीतरी भरायचा असतो.

कोणाकडून आणि कसा, हे बघायला ऑस्ट्रेलियात जाऊ. तिथला मामला इतका स्वच्छ नोंदला गेलाय की तो सावकाश बघण्यासारखा आहे.

वर्ड, एक्सेल असलेलं मायक्रोसॉफ्ट ३६५ लाखो घरांत वर्षाच्या वर्गणीवर चालतं. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून कंपनीने ऑस्ट्रेलियात त्यात आपला एआय मदतनीस 'कोपायलट' घातला आणि दर वाढवले. एका माणसासाठीची वर्गणी वर्षाला १०९ ऑस्ट्रेलियन डॉलर होती, ती १५९ झाली. घरासाठीची १३९ वरून १७९. ज्यांच्या खात्यातून वर्गणी आपोआप कापली जायची, त्यांना ईमेल गेली. मथितार्थ असा की कोपायलट आता आत आहे, पुढच्या नूतनीकरणाला नवा दर लागेल, नको असेल तर वर्गणी रद्द करा.

वाचणाऱ्याला दोनच वाटा दिसत होत्या. जास्त भरा, नाहीतर वर्षानुवर्षं साठवलेल्या फाइल्सचं काय करायचं ते बघत बसा. खरं तर तिसरी वाट होती. 'क्लासिक' नावाची योजना: कोपायलट नाही, दर जुनाच. पण तिचा उल्लेख ईमेलमध्ये नव्हता. तुम्ही खात्यात शिरून वर्गणी रद्द करायला सुरुवात केलीत, पुढचं पान आलं, की तिथे ती दिसायची. थोडक्यात, दुकानातून पाय बाहेर टाकल्यावर मागून हाक येणार, "अहो, तो जुना माल आहे बरं का आमच्याकडे."

ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आणि स्पर्धा आयोगाने २७ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं. सुमारे २७ लाख ग्राहकांची दिशाभूल झाली, असा आयोगाचा आरोप. त्यानंतर थोड्याच दिवसांत कंपनीने ग्राहकांची माफी मागितली आणि क्लासिककडे परत जाणाऱ्यांना फरकाचे पैसे परत द्यायची तयारी दाखवली.

या सगळ्यात कोपायलट चांगला की वाईट, हा प्रश्न कुठेही आला नाही, हे ध्यानात घ्या. काहींना तो उपयोगी पडतही असेल. तक्रार होती ती ताटात न मागता वाढलेल्या पदार्थाची आणि त्याच्या बिलाची.

न मागता वाढण्याचं कंपन्यांचं मुख्य हत्यार म्हणजे आधीच चालू करून ठेवलेलं बटण. सेटिंगमध्ये शिरून काही बदलायच्या भानगडीत बहुतेक लोक पडत नाहीत. तुम्हीही नाही आणि मीही नाही. त्यामुळे एखादी सोय मुळात बंद ठेवून "हवी असेल तर चालू करा" म्हणणं आणि मुळात चालू ठेवून "नको असेल तर बंद करा" म्हणणं, यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. सोय तीच असते, वापरणाऱ्यांची संख्या मात्र कुठल्या कुठे जाते.

मायक्रोसॉफ्टचीच 'रिकॉल' नावाची सोय घ्या. २० मे २०२४ ला ती जाहीर झाली. कल्पना अशी की तुमचा लॅपटॉप दर काही सेकंदांनी पडद्याचा फोटो काढून ठेवणार. महिन्याने तुम्हाला आठवलं, 'अरे, ती हिरव्या काठाची साडी कुठल्या साइटवर बघितली होती?', की विचारायचं आणि तो जुना पडदा काढून देणार. ऐकायला छानच. पण पडद्यावर साडीबरोबर बँकेचं स्टेटमेंट असतं, डॉक्टरचा रिपोर्ट असतो, बायकोशी झालेलं भांडण असतं. पासवर्ड, खाते क्रमांक आम्ही झाकत नाही, असं कंपनीनेच नमूद केलं होतं. फोटो लॅपटॉपवरच राहतील, बाहेर जाणार नाहीत, हा दिलासाही दिला होता. सुरक्षा तज्ज्ञांनी चाचणीची आवृत्ती उघडून बघितली तर फोटोंतून काढलेला मजकूर साध्या डेटाबेसमध्ये, सहज वाचता येईल असा पडलेला. लॅपटॉपमध्ये चोर शिरलाच तर त्याला घरभर शोधाशोध करायची गरज नाही, सगळं एका पेटीत आणि पेटीला कुलूप नाही.

गदारोळ झाला. ७ जूनला कंपनीने जाहीर केलं की रिकॉल मुळात बंद राहील, हवं त्याने चालू करावं, आणि माहितीला कुलूप लागेल. आठवड्याभरात सोय बाजारात आणणंच पुढे ढकललं. शेवटी ती आली एप्रिल २०२५ मध्ये. तरीही सिग्नल या निरोपाच्या ॲपने पुढच्याच महिन्यात विंडोजवर आपली खिडकी रिकॉलला काळी दिसेल अशी व्यवस्था केली, आणि त्यासाठी सिनेमांची चोरी रोखायला वापरतात ती युक्ती लावली. आपल्याच कॉम्प्युटरपासून आपला निरोप लपवायला सिनेमावाल्यांचं कुलूप लागावं, यातली गंमत मला अजून पुरती ओसरलेली वाटत नाही.

म्हणजे ग्राहकाच्या संशयाने दोन्हीकडे फरक पडला. एकीकडे बटण बंदवर आलं, दुसरीकडे पैसे परत द्यायची वेळ आली.

पण संशय चुकीच्या पत्त्यावरही जातो, हेही सांगायला हवं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर २०२५ मध्ये एक फॉरवर्ड फिरत होतं. 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' ताबडतोब चालू करा, नाहीतर एआय तुमचे सगळे मेसेज वाचेल, फोन नंबर उचलेल. शेवटी तीन हात जोडलेले. जोशीकाकांनी ते दोनदा टाकलं. खरी गोष्ट अशी की आपले खासगी निरोप पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतात. वर्तुळ बसलंय म्हणून ते एआयच्या हाती लागत नाहीत. एआयला मिळतं ते तुम्ही त्याला उद्देशून लिहिलेलं, किंवा ग्रुपमध्ये कोणी त्याला मुद्दाम हाक मारून सांगितलेलं. त्या सेटिंगने ग्रुपमध्ये अशी हाक मारणं थांबतं, चॅट बाहेर काढणं थांबतं. तेही कामाचं आहे, पण फॉरवर्ड म्हणत होतं ते नव्हे.

जी गोष्ट खरोखर फॉरवर्ड करण्यासारखी होती, ती मला एकाही ग्रुपवर दिसली नाही. १६ डिसेंबर २०२५ पासून मेटा आपल्या एआयशी झालेल्या गप्पांवरून जाहिराती ठरवते. कंपनीने दिलेलं उदाहरणच घ्या. तुम्ही डोंगरात भटकण्याबद्दल विचारलंत, तर बुटांच्या जाहिराती दिसू शकतात. युरोपियन युनियन, ब्रिटन आणि दक्षिण कोरियाला यातून तूर्त वगळलं, आपल्याला नाही. धर्म, आरोग्य, राजकीय मतं अशा विषयांवरच्या गप्पा जाहिरातींसाठी वापरणार नाही, असं कंपनी म्हणते. व्हॉट्सॲपवरच्या गप्पा त्यात धरल्या जातात त्या तुमचं व्हॉट्सॲप खातं अकाउंट्स सेंटरमध्ये फेसबुक-इन्स्टाग्रामला जोडलेलं असेल तरच. जोडलंय की नाही, हे आपल्यापैकी कितीजणांनी कधी बघितलंय? जोशीकाकांनी नव्हतं. मी लिहायला बसलो तेव्हा बघितलं.

याच कंपनीच्या स्वतंत्र एआय ॲपमध्ये जून २०२५ मध्ये वेगळाच प्रकार उघडकीला आला. लोकांनी एआयला विचारलेले प्रश्न, अगदी दुखण्याखुपण्याचे आणि कोर्टकचेरीचेही, सगळ्यांना दिसणाऱ्या यादीत झळकत होते. ते आपोआप तिथे जात नव्हते. आधी 'शेअर', मग 'पोस्ट' अशी दोन बटणं दाबावी लागत. पण आपण चव्हाट्यावर बोलतोय हे अनेकांच्या लक्षातच आलं नव्हतं. कंपनी म्हणणार, बटण तुम्हीच दाबलंत. खरंच आहे. मात्र दुकानाचा दरवाजा आणि खड्ड्याचं झाकण एकाच रंगाचं ठेवलं की पडणाऱ्यालाच दोष देऊन कसं चालेल?

चुकीच्या उत्तरांबद्दल फार लिहीत नाही, ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. मे २०२४ मध्ये गूगलच्या एआय सारांशाने पिझ्झ्यावरचं चीज सरकू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घालायचा सल्ला दिला. मूळ होतं रेडिट या गप्पांच्या वेबसाइटवर कोणीतरी अकरा वर्षांपूर्वी केलेली थट्टा. डिसेंबर २०२४ मध्ये ॲपलच्या एआयने बीबीसीच्या बातमीचा सारांश करताना खुनाच्या आरोपीने स्वतःला गोळी मारल्याचं छापलं. तसं काही घडलंच नव्हतं. बीबीसीने तक्रार केली आणि पुढच्या महिन्यात ॲपलने बातम्यांचे सारांश थांबवले. ही यंत्रं वाक्यात पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज बांधतात. खरं-खोटं पारखणं त्यांच्या रक्तात नाही. दोन्ही चुका तिथूनच येतात.

त्यापेक्षा चूक झाल्यावर कंपनी काय करते, ते मला जास्त बोलकं वाटतं. कॅनडात एका माणसाची आजी वारली. त्याने एअर कॅनडाच्या चॅटबॉटला विचारलं, तर बॉट म्हणाला, आत्ता पूर्ण भाड्याचं तिकीट काढा, दुःखद प्रसंगाची सवलत नंतर ९० दिवसांत मागता येईल. कंपनीचा खरा नियम तसा नव्हता. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेलं तेव्हा कंपनीने मांडलेला युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे: चॅटबॉट ही कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती आहे, आपल्या कृत्यांना तोच जबाबदार! फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो उडवून लावला आणि सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. रक्कम चिल्लर, पण आपल्या वेबसाइटवरचं बोलणं आपलंच, एवढं तरी लेखी झालं.

मला हे वाचून आमचा फ्रिज आठवला. तो बिघडला तेव्हा कंपनीचा फोन लागेना, वेबसाइटवर चॅटबॉट होता. त्याने तीन वेळा मला फ्रिजचा प्लग लावलाय का विचारलं आणि मग "तुमच्या शंकेचं निरसन झालं का?" असं म्हणून दोन बटणं दिली: 'हो' आणि 'मुख्य मेनू'. 'नाही' हे बटण नव्हतंच. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानदाराने ओळखीचा मिस्त्री पाठवला. अशा बॉटशी झुंजून आलेल्या माणसाला पुढच्या वेळी फोनमध्ये नवं चमचमतं बटण दिसलं, तर तो आनंदाने उड्या मारेल का?

आता आपल्या अंगणात काय चाललंय ते बघू. इथे एआय चक्क फुकट वाटला जातोय. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी या एआय शोधयंत्राची सशुल्क योजना वर्षभर मोफत दिली, किंमत सांगितली १७,००० रुपये. ऑक्टोबरअखेर जिओने गूगल जेमिनीची १८ महिन्यांची योजना दिली, किंमत ३५,१०० रुपये. महिन्याला ३९९ रुपयांची चॅटजीपीटी गो योजना ४ नोव्हेंबरपासून वर्षभर फुकट झाली. प्रत्येक प्रश्नाला पैसे जळतात हे आपण वर बघितलं, तर मग हा दानधर्म कशाला?

माझ्या मते, सवय लावायला. करोडो लोक, डझनावारी भाषा, मराठीत हिंदी मिसळून आणि इंग्रजीची फोडणी देऊन विचारलेले प्रश्न, हे दुसरीकडे कुठे मिळणार? आज विकत घेणारे कमी असले तरी दीड वर्षाने, मुलांचा अभ्यास आणि ऑफिसच्या ईमेल त्याच्याशिवाय अडायला लागल्या, की दहातले दोघे तरी पैसे मोजतील, असा हिशोब असणार. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचा डेटा आधी डिसेंबरपर्यंत आणि मग मार्चपर्यंत फुकट होता, हे आपण विसरलेलो नाही. त्या फुकटाने देशाचं भलंही झालं, हे मान्यच करायला हवं. आणि फुकट नाकारायची अक्कल आपल्याला आहे, हेही दिसलेलं आहे. फेसबुकचं 'फ्री बेसिक्स', म्हणजे निवडक वेबसाइटपुरतं मोफत इंटरनेट, लोकांनी हजारो-लाखोंनी पत्रं पाठवून विरोध केल्यावर फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाने इथून गेलं.

कायद्याचा आधार थोडा आहे, थोडा यायचाय. ग्राहकाला फसवून बटण दाबायला लावणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्येच काढली आहे. नको ते डोळ्यांत भरेल असं आणि हवं ते दिसणार नाही असं पान रचणं, वर्गणीतून बाहेर पडणं अवघड करून ठेवणं, तेच तेच विचारून भंडावून सोडणं, हे सगळं तिच्यात आहे. तक्रारीला १९१५ हा क्रमांक आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि संमतीसंबंधीची मुख्य कलमं लागू व्हायला तिथून अठरा महिने. म्हणजे मे २०२७.

मावशीला तिच्या नातवाने जिओची ती अठरा महिन्यांची जेमिनी योजना घेऊन दिली आहे. ती वापरतेसुद्धा. मागच्या आठवड्यात बिरड्याच्या उसळीला वाल किती वेळ भिजवायचे ते तिने विचारलं, आणि उत्तर चुकीचं आहे म्हणून त्यालाच सुनावलं. मी गेलो तेव्हा तिने एवढंच विचारलं, "फुकट कधी संपतं रे हे?" मी म्हटलं, २०२७ च्या मे महिन्यात. ती उठून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली, ते डिसेंबरलाच संपत होतं. मग भिशीची वही काढून तिने शेवटच्या पानावर, जिथे न फेडलेले हप्ते लिहिते तिथे, नोंद केली: 'गूगल. मे २७. विचारणे.'